निर्वात नलिका आणि समतोल भार : प्रस्तावना

माणकोली नाक्यावरून दापोड्याकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे दोहों बाजूंस गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आणि मालमोटारींच्या रांगा लागतात, आणि ज्या जमिनीत एके काळी भाताची खाचरे होती तिच्यावर आता मुंबईच्या बाजारपेठेचा माल खोक्याखोक्यांनी मुक्काम करून असतो. अशा या मौजे दापोडे, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे येथील एका गाळ्यात, जेथे दिवसभर यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचा व्यवसाय चालतो, तेथे रात्री दिवा लावून व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांवर एक सविस्तर ग्रंथ लिहिला गेला, आणि तोही या विद्येच्या अशा एका कोपऱ्याविषयी की ज्याकडे हौशी मंडळी सहसा फिरकत नाहीत, हे मला कोणी सांगितले असते तर मी ते मानले नसते. परंतु हस्तलिखित माझ्या पुढ्यात आहे, त्याच्या कडांना वार्निशचे डाग आहेत, आणि प्रस्तावनेचा आग्रह धरताना लेखकाने जे कारण दिले ते असे : “मास्तर, या पुस्तकातली पहिली चूक तुमची आहे, तेव्हा पहिली पानंही तुम्हीच लिहा.” ती चूक कोणती, हे यथावकाश येईलच.

ग्रंथाचा विषय एका वाक्यात सांगावयाचा तर असा : काचेच्या निर्वात नळीतून, म्हणजे ज्याला आपण सरसकट व्हॉल्व्ह म्हणतो त्यातून, अल्प संरोधाचा आणि समतोल असा भार समर्थपणे कसा चालवावा. यातील ‘संरोध’ म्हणजे इंपीडन्स, परिवर्ती प्रवाहाला होणारा एकंदर विरोध. आणि ‘समतोल’ भार म्हणजे ज्याची दोन्ही टोके जमिनीपासून विद्युत्दृष्ट्या सारख्याच अंतरावर राखलेली आहेत असा भार. दोन्ही शब्द कोरडे आहेत खरे, पण ज्याने आकाशवाणीवर रात्रीची मैफल ऐकली आहे त्याच्या कानावर या दोन शब्दांचा कारभार नकळत होऊन गेलेला आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्यापूर्वी चार वर्षे, १९२३ मध्ये, रेडिओ क्लबच्या हौशी सभासदांनी याच शहरातून प्रक्षेपणाचा प्रयत्न करून पाहिला होता. केंद्र सुरू झाले, १९३० मध्ये ते चालविणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. हा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु गायकाच्या मुखासमोरील ध्वनिक्षेपकापासून दूरच्या प्रक्षेपकापर्यंत तो आवाज तारेतून जातो कसा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो जातो दोन तारांच्या जोडीवरून. दूरध्वनीच्या विद्येने हा जोडीचा मार्ग आधीच घालून ठेवला होता, आणि खांबांवरून धावणाऱ्या उघड्या तांब्याच्या तारांचा स्वाभाविक संरोध ६०० ओहमच्या आसपास भरत असल्यामुळे तोच आकडा ध्वनिशाळांच्या दप्तरी प्रमाण म्हणून दाखल झाला. ६०० ओहमवर एक मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, ही मोजपट्टी त्याच दूरध्वनीच्या घराण्यातली. खांबावरच्या त्या तारा पुढे भूमिगत झाल्या, कित्येक ठिकाणी नाहीशाही झाल्या. आकडा मात्र वतनदारासारखा जागच्या जागी राहिला.

येथे व्हॉल्व्हच्या स्वभावाकडे वळले पाहिजे, कारण या ग्रंथातील सारा संघर्ष त्या स्वभावातून उद्भवतो. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन अग्रांची नळी केली, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरे अग्र घातले आणि तिला जाळीचे वळण दिले. तेव्हापासून आजतागायत ही नळी एखाद्या जुन्या इनामदारासारखी वागत आलेली आहे. जमीनजुमला भरपूर, वाडा चौसोपी, पण दारी आलेल्यास रोख दहा रुपये द्यावयाचे म्हटले की कारभाऱ्याचे तोंड पाहावे लागते. व्हॉल्व्हजवळ विद्युत्दाब मुबलक असतो; अडीचशे व्होल्टांवर तो सुखेनैव नांदतो आणि जाळीवर आलेल्या इवल्याशा लहरीचे धनाग्रावर पन्नास-साठ व्होल्ट करून दाखवितो. प्रवाह मात्र त्याच्यापाशी मिलिअँपिअरच्या हिशेबाने असतो. ईसीसी ८३ या सर्वपरिचित नळीचा अंतर्गत रोध बासष्ट हजार ओहमांच्या घरात आहे. ईसीसी ८२ ही बरीच उदार म्हणावी, तरी तिचाही सुमारे सात हजार सातशे. अशा घरंदाज पण रोकडीस महाग गृहस्थाच्या दारी ६०० ओहमचा भार उभा करणे म्हणजे वसुलीचा तगादा लावणेच होय, आणि ३२ ओहमचे श्रवणयंत्र, म्हणजे हेडफोन, डोक्यावर चढवून उभे राहणे म्हणजे जप्तीचा हुकूमच.

आता माझी चूक. पदार्थविज्ञान शिकविण्यात माझी हयात गेली आणि ओहमचा नियम फळ्यावर मी किती वेळा लिहिला याची गणती नाही. निवृत्तीनंतर हौस म्हणून मी एक समतोल विवर्धक बांधला. ईसीसी ८८ ही प्रवाहाला मोकळी समजली जाणारी नळी घेतली, तिचे दोन्ही अर्धभाग ऋणाग्र-अनुगामी पद्धतीने जोडले, म्हणजे भार धनाग्रावर न ठेवता ऋणाग्रावर ठेवला, आणि प्रत्येक बाजूस ५ मिलिअँपिअर स्थिर प्रवाह मुकर्रर केला. या रचनेचा बहिर्गामी संरोध कागदावर एकेका बाजूस दीडशे ओहमच्या आसपास येत होता. ६०० च्या तुलनेत तो पुरेसा अल्प. दर्शकावर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, पाहिले तर वीस व्होल्टांची लहर निर्मळ, वाटोळी, दृष्ट लागण्यासारखी. मी तो विवर्धक पिशवीत घालून दापोड्याच्या गाळ्यात घेऊन गेलो, आणि लेखकाने, म्हणजे माझ्या स्नेह्यांनी, काही एक न बोलता त्याच्या दोन टोकांमध्ये ६०० ओहमचा एक रोध जोडला. लहर तीन व्होल्टांच्या शिखरावर दोन्ही अंगांनी सपाट झाली, जणू कोणी वरून खालून सुरी फिरविली. मी तारा तपासल्या, झाळलेले सांधे हलवून पाहिले, नळी बदलून पाहिली. शेवटी ते म्हणाले, “मोटार भरून बाकावर ठेवली की रिकामी सगळ्यांचीच फिरते, मास्तर. मागाला जोडल्यावर कळतं भरणी कशी झालीय ते.”

हिशेब शाळकरी मुलाच्या आवाक्यातला होता. स्थिर प्रवाह ५ मिलिअँपिअर. ज्या बाजूची नळी लहरीच्या ओघात बंद पडते त्या बाजूस ऋणाग्राच्या रोधातून ओढून नेता येईल असा प्रवाह तेवढाच. ५ मिलिअँपिअरला ६०० ओहमांनी गुणले म्हणजे ३ व्होल्ट. त्यापलीकडचे सारे व्होल्ट वाड्याच्या भिंतींसारखे, दाखविण्यापुरते. ३२ ओहमवर हाच हिशेब केला तर ०.१६ व्होल्ट, म्हणजे अर्धा मिलिवॅटसुद्धा नाही. संथ आलाप त्यात निभावून जाईल, पण तबल्याची थाप पडली की मुरगळलीच. अल्प बहिर्गामी संरोध ही एक गोष्ट आणि प्रवाह देण्याची ऐपत ही दुसरी, आणि पहिलीवरून दुसरीचे अनुमान करणे हा या विद्येतील सर्वात पसरलेला भ्रम आहे, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन होय. संरोध लहान लहरीवर मोजला जातो. ऐपत मोठ्या लहरीवर उघडी पडते. मी पदवीधर असून मला हे गाळ्यात जाऊन शिकावे लागले, याची खंत वाटण्याचे दिवस आता सरले.

ऋण पुनर्भरणाची, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकची, मातबरी सांगणारे येथे आक्षेप घेतील. हॅरॉल्ड ब्लॅकला या पुनर्भरणाची कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी, कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत सुचली आणि त्याने ती हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मुंबई केंद्राचे उद्घाटन होऊन तेव्हा अवघे दहा दिवस झाले होते. पुनर्भरणाने विकृती घटते, संरोध उतरतो, वारंवारतेचा पट्टा रुंदावतो, हे सारे कबूल. परंतु नळीत नसलेला प्रवाह त्याने निर्माण होत नाही. पुनर्भरण हा चोख हिशेबनीस आहे. तो खजिना नव्हे. लेखकाने त्यावर एकच प्रकरण लिहिले आहे आणि ते पुरेसे आहे.

मग उपाय काय? व्हाइटचा अनुगामी आहे, ज्यात एका नळीच्या पायाखाली दुसरी नळी घालून तिला ओढण्याचे काम दिलेले असते आणि त्यामुळे स्थिर प्रवाहाच्या दुपटीपर्यंत प्रवाह भाराला देता येतो. त्यात वरच्या नळीचे ऋणाग्र उच्च दाबावर बसते आणि तापतंतूपासूनचे त्याचे पृथक्करण धोक्यात येते, त्याची तजवीज तापतंतूचा पुरवठा उचलून घेऊन करावी लागते. रोहित्रावाचून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाचून, चालणाऱ्या रचनाही आहेत. ज्युलियस फुटरमनने १९५४ मध्ये अशी रचना जगापुढे मांडली. त्यांत नळ्यांची पलटण उभी करावी लागते, आणि भिवंडीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली अशा यंत्राशेजारी बसण्याचा योग मला एकदा आला, तेवढा पुरे झाला. शिवाय रोहित्र गाळले की वाटेत बहुधा धारित्र घालणे आले : २० हर्ट्झपर्यंतचा खर्ज राखावयाचा तर ६०० ओहमला १३ मायक्रोफॅरड लागतात आणि ३२ ओहमला अडीचशे.

माझा स्वतःचा कौल, आणि लेखकाचाही, रोहित्राच्या बाजूने आहे. दापोड्याच्या रस्त्यावर खांबांमध्ये बसविलेले जे विजेचे रोहित्र आपण रोज पाहतो, ते उच्चदाबाची वाहिनी घेऊन मागांच्या मोटारींना परवडेल अशी वीज करून देते. ध्वनीचे रोहित्र तेच काम करते, फक्त त्याला एकच वारंवारता सांभाळून भागत नाही, तर खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्यांचा मान राखावा लागतो. इनामदाराच्या गोष्टीत हा सराफ होय : जमीन तारण घेतो आणि रोकड मोजून देतो. एकास पाच अशा प्रमाणाने वेढे उतरविले तर संरोध पंचवीस पटींनी उतरतो, कारण संरोधाचे प्रमाण वेढ्यांच्या वर्गाचे असते. म्हणजे ६०० ओहमचा भार नळीला पंधरा हजार ओहमचा दिसू लागतो. ध्वनिशाळेतील मोठा आवाज, समजा प्रमाणपातळीच्या वीस डेसिबेल वरचा, ६०० ओहमवर ७.७५ व्होल्ट मागतो आणि प्रवाहाचे शिखर १८ मिलिअँपिअरांवर नेतो. रोहित्राच्या आड बसलेल्या नळीला त्यातले चार मिलिअँपिअरसुद्धा द्यावे लागत नाहीत, आणि तिच्यापाशी जे उदंड आहे ते व्होल्ट तेवढे खर्चावे लागतात. आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. सात हजार सातशे ओहमच्या दोन नळ्या ढकल-ओढ पद्धतीने या रोहित्राला जोडल्या तर पलीकडून त्या ६१६ ओहमच्या दिसतात, म्हणजे वाहिनीच्या संरोधाशी त्यांची पत्रिका जवळजवळ छत्तीस गुणांनी जुळते.

मात्र ही सराफी फुकट होत नाही. अशा नळ्यांबरोबर २० हर्ट्झचा खर्ज टिकावा म्हणून प्राथमिक वेढ्यांचे प्रेरकत्व ६० हेन्रींच्या आसपास लागते, त्यासाठी हजारो वेढे घ्यावे लागतात, आणि वेढे वाढले की त्यांच्यातील धारिता वाढून वरचे स्वर बोथट होतात. खर्ज आणि टीप यांमधली ही रस्सीखेच बॉबिनवर सुटते, कागदावर नाही. गाळ्यात मी ते काम कित्येक संध्याकाळी पाहिले आहे. केसाएवढी इनॅमल तार डाव्या हाताच्या अंगठ्यावरून सरकत असते, उजवा हात भरणीच्या यंत्राची मूठ फिरवीत असतो, गणकयंत्राचे आकडे टकटक पडत असतात. प्राथमिकाचा एक थर, कागद, द्वितीयकाचा एक थर, पुन्हा कागद, अशी एकाआड एक भरणी चालते, आणि मध्येच मालमोटार रस्त्यावरून गेली की हात थांबतो, कारण बाक हादरला तर तार तुटते. दोन भरण्यांमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा पडदा घालतात. तो पडदा पूर्ण फेरा घालून स्वतःलाच चिकटू द्यावयाचा नसतो. चिकटला तर तो एका वेढ्याचे लघुमंडल बनून साऱ्या रोहित्राचा प्राण शोषून घेतो. टोके एकमेकांवर यावीत, पण त्यांच्यामध्ये कागद असावा. या एका कागदासाठी आमच्या स्नेह्यांनी एक पूर्ण भरलेले रोहित्र कात्रीने कापून फेकलेले मी पाहिले आहे.

हा पडदा समतोलासाठी असतो, आणि समतोलाविषयी या ग्रंथात जे विवेचन आहे ते मला सर्वात मोलाचे वाटते. सामान्य समजूत अशी, की दोन तारांवर समान आणि विरुद्ध लहरी पाठविल्या म्हणजे वाहिनी समतोल झाली. वस्तुतः लहरींचा त्यात मुख्य संबंध नाही. दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला संरोध सारखा असला, की बाहेरून घुसणारी घरघर दोहोंवर सारखीच बसते आणि पलीकडे दोहोंतील फरक घेणारा ग्राहक तिला दारातूनच परत पाठवितो. संरोध सारखा नसला तर लहरी कितीही आरशासारख्या असोत, घरघर आत येतेच. दोन बाजूंच्या वाट्यात शेकडा एक हिस्सा फरक राहिला, तर घुसखोराचा साधारण शंभरावा हिस्सा शिल्लक उरतो. मागांच्या मोटारी एकामागून एक सुरू-बंद होत असलेल्या या तालुक्यात ५० हर्ट्झची गुणगुण आणि खटक्यांची कडकड भिंतींतूनच पाझरते. येथे समतोल ही चैनीची बाब नाही. पारख करण्याची रीतही सोपी आहे : दोन्ही तारांवर दोन तंतोतंत सारख्या रोधांतून एकच लहर घालावी आणि पलीकडे काय उरते ते मोजावे. तंतोतंत सारखे रोध निवडण्यास मात्र एक अख्खी दुपार राखून ठेवावी.

समतोल भाराचा एक कावा विसरून चालत नाही. ६०० ओहमचा भार दोन बाजूंमध्ये वाटला गेला की प्रत्येक नळीला तो ३०० ओहमचा दिसतो, आणि दोन्ही बाजूंचे संरोध मात्र भारापुढे बेरजेने उभे राहतात. जमाखर्चाच्या दोन्ही रकान्यांत असा तोटाच. हल्ली ‘बॅलन्स्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या श्रवणयंत्रांविषयी जाता जाता एवढेच म्हणतो, की कानावरच्या दोन भोपळ्यांना हातभर तारेत घरघर पकडण्याची फारशी भीती नसते. तेथे लाभ होतो तो दोन वर्धकांच्या दुप्पट व्होल्टांचा, आणि तो प्रवाहाची ऐपत असेल तरच.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण ते पाहत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर टांगलेल्या कर्ण्याच्या पाठीत बहुधा एक लहानसे रोहित्र असते. आठ ओहमच्या कर्ण्याला दहा वॅट थेट पाठवावयाचे तर सुमारे १.१ अँपिअर प्रवाह लांबच लांब तारेतून न्यावा लागेल. १०० व्होल्टांच्या वाहिनीवर तेच काम एक दशांश अँपिअरात होते. मुंबईच्या मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या विराट सभांना आवाज पुरविला, आणि नानिक मोटवाने यांनी १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओला यंत्रसामग्री दिली म्हणून अटकही सोसली. त्या काळच्या प्रत्येक मैदानी कर्ण्यामागे दाब आणि प्रवाह यांच्या देवघेवीचा हाच व्यवहार होता. दापोड्यातल्या आगरी लग्नात धवलारणीचे धवले कर्ण्यावरून घुमतात तेव्हा त्या बिचारीला हे ठाऊक असण्याचे कारण नाही; मांडववाल्याला मात्र असावे, आणि बहुधा नसते.

ग्रंथ कोणासाठी आहे? ज्यांच्याकडे बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या नळ्या खोक्यात पडून आहेत, ज्यांनी ठाण्याच्या मर्फीचा किंवा लोणी काळभोरच्या फिलिप्सचा रेडिओ एकदा तरी उघडून पाहिला आहे, आणि ज्यांना डाग देताना कथील कधी चमकते हे नजरेने कळते, त्यांच्यासाठी. गणित आहे, पण वर्गमुळापलीकडे फारसे नाही. भाषा मोटार भरणाऱ्या माणसाची आहे. मी ती कोठेही संस्कृतप्रचुर केलेली नाही, तो दोष या प्रस्तावनेपुरताच समजावा. दोन ठिकाणी माझा लेखकाशी मतभेद आहे : तापतंतूला एकदिश वीज देण्याचा त्यांचा आग्रह मला अनाठायी वाटतो, आणि पुनर्भरणाविषयी ते माझ्याहूनही कठोर आहेत. आम्ही दोघेही आपापल्या जागी कायम आहोत.

वाचकाला विनंती दोनच. अडीचशे-तीनशे व्होल्टांचे धारित्र वीज बंद केल्यानंतरही भरलेले राहते. हात घालण्यापूर्वी ते रोधातून रिकामे करावे, आणि रिकामे झाले हे मापकावर पाहावे. आणि पहिले मंडल जोडावयास घेण्याआधी लॅमिंग्टन रोडवरून अथवा जवळच्या दुकानातून ६०० ओहमचा एक वॅटचा रोध आणून बाकावर ठेवावा. माझा तो विवर्धक अजून गाळ्यातल्या फळीवर आहे. त्याच्या टोकांना लावलेला रोध अद्याप कोणी काढलेला नाही.